आपले निर्णय पुढच्या भागात कुठे जातात? फँटसी आरपीजी आणि कथेचं सातत्य

सुरसागर_काठ (धागाकर्ती, बडोदा)

आधीच सांगते, इथे ड्रॅगन एज, विचर आणि बाल्डर्स गेट या तिन्ही आरपीजी मालिकांचे (म्हणजे एखादं पात्र होऊन, त्याचे निर्णय आपण घेत खेळायच्या व्हिडिओ गेमचे) स्पॉयलर, म्हणजे पुढची कथा फोडणारे तपशील, येणार. ज्यांचं खेळून व्हायचंय त्यांनी आधी खेळून घ्या, धागा कुठे पळून जात नाही.

ऑर्झमारची गादी कोणाला द्यायची, यावर ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ खेळलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी डोकं धरलेलं असतं. जमिनीच्या पोटात ड्वॉर्फ लोकांचं राज्य, राजा नुकताच गेलेला, दावेदार दोन. हॅरोमाँट सज्जन, मरत्या राजाला दिलेल्या शब्दाला जागणारा. बेलेन हा राजाचा धाकटा मुलगा, सख्ख्या भावाचा काटा काढून इथवर आलेला. मी अर्थातच हॅरोमाँटला मुकुट दिला. मग खेळ संपतो, शेवटचा मजकूर पडद्यावर यायला लागतो आणि कळतं की सज्जन हॅरोमाँटने जातींची उतरंड आणखी आवळली, बाहेरच्या जगाशी व्यवहार तोडले. दुसऱ्यांदा खेळताना बेलेनला गादी दिली, तर त्या खुनशी माणसाने जातीबाहेर टाकलेल्यांना थोडी का होईना वाट करून दिली आणि व्यापार वाढवला. दोन परिच्छेदांचा मजकूर, पण त्याने मला दिवसभर स्वस्थ बसू दिलं नाही. चांगल्या माणसाला निवडणं म्हणजे चांगला राजा निवडणं नव्हे, हे त्या खेळाने मला भाषण न देता सांगितलं.

हा खेळ २००९ सालचा. दुसरा भाग २०११मध्ये आला, तिसरा, म्हणजे ‘इन्क्विझिशन’, २०१४मध्ये. तिसऱ्याच्या वेळी हे खेळ बनवणाऱ्या बायोवेअरने ‘ड्रॅगन एज कीप’ नावाची वेबसाइटच काढली. पहिल्या दोन भागांत काय काय केलं ते तिथे चौकोनाचौकोनांत नोंदवायचं. मग मालिकेतल्या व्हॅरिक या पात्राच्या आवाजात तुमची स्वतःची कहाणी ऐकायला मिळायची आणि तेच जग नव्या खेळात उतरायचं. राजा कोण, कोण जिवंत, कोणाचं कोणावर प्रेम, सगळं.

आणि मग ३१ ऑक्टोबर २०२४ला ‘द व्हेलगार्ड’ आला. त्यात मागच्या भागांतून तीनच गोष्टी विचारतात: इन्क्विझिटरचं (तिसऱ्या भागातल्या आपल्या नायकाचं) प्रेम कोणावर होतं, त्याची इन्क्विझिशन ही संघटना बरखास्त केली की ठेवली, आणि सोलस या जुन्या साथीदाराला रोखायची शपथ घेतली होती की त्याला माघारी वळवायची. संपलं. ओरिजिन्समधला एकही निर्णय नाही. पहिल्या भागातली साथीदार चेटकीण मॉरिगन स्वतः येते, समोर उभी राहून बोलते, पण तिच्या मुलाचा, कीरनचा, उल्लेखही नाही. कथा उत्तरेकडे टेव्हिंटर या देशात घडते. दक्षिण, म्हणजे आपण तीन खेळ जिथे घाम गाळला तो सगळा मुलूख, ब्लाइट या रोगट अरिष्टाने होरपळत असल्याचं पत्रांतून कळतं.

बेलेन टेव्हिंटरमधल्या मिनराथस शहराच्या रस्त्यावर दिसावा असं माझं म्हणणं नाही. इतक्या लांब त्याचं काय काम? पण एखाद्या व्यापाऱ्याच्या तोंडी ‘ऑर्झमारचे दरवाजे हल्ली उघडे असतात’ किंवा ‘बंद असतात’ एवढं एक वाक्य? तेही नसावं?

तुम्हाला काय वाटतं? खेळाने आपले निर्णय लक्षात ठेवणं म्हणजे नेमकं काय करणं?

रावपुरा_रात्रपाळी

अगदी मनातलं लिहिलंस ताई. कीरनचं मला सगळ्यात जास्त लागलं. आई समोर आहे आणि पोराबद्दल आपण विचारूच शकत नाही.

तपासनीस

मी इथेच बडोद्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. गेमचं नाही, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, पण ‘स्टेट’ (म्हणजे कोणत्या क्षणी काय अवस्था आहे) नावाच्या प्रकाराशी रोजचा संबंध. म्हणून दुसरी बाजू मांडते.

समजा खेळात दहाच निर्णय आहेत आणि प्रत्येकाला दोनच उत्तरं. जगाच्या शक्य अवस्था झाल्या १,०२४. निर्णय वीस केले की १०,४८,५७६. यातली प्रत्येक अवस्था कोणीतरी चालवून बघायची असते, कारण मेलेलं पात्र पुढच्या शहरात उभं दिसलं तर शिव्या टेस्टरला पडतात. शिवाय प्रत्येक वेगळ्या वाक्यासाठी लेखक लागतो, कलाकाराला स्टुडिओत बोलवावं लागतं, चेहऱ्याचे हावभाव बसवावे लागतात, अर्धा डझन भाषांत भाषांतर करावं लागतं. जुन्या काळी मजकुराच्या दोन ओळी लिहिल्या की भागायचं. आता तसं नाही.

म्हणून सगळे स्टुडिओ एकच युक्ती वापरतात. वाटा फुटू द्यायच्या आणि पुढच्या वळणावर पुन्हा एकत्र आणायच्या. कीरनचंच बघा. ओरिजिन्सच्या शेवटी मॉरिगन एक विधी सुचवते. मानलात, तर आर्चडीमन या राक्षसी ड्रॅगनला मारणारा ग्रे वॉर्डन (ब्लाइटशी लढणारा योद्धा) वाचतो आणि तिला होणाऱ्या मुलात प्राचीन देवाचा आत्मा उतरतो. नाकारलात, तर कोणा एका वॉर्डनला प्राण द्यावे लागतात. इतका मोठा निर्णय! इन्क्विझिशनमध्ये त्यातून तीन शक्यता येतात: देवाचा आत्मा असलेला मुलगा, साधा मुलगा, किंवा मुलगाच नाही. आत्मा असला तर मॉरिगनची आई फ्लेमेथ तो काढून घेते, एक फार देखणा प्रसंग होतो, आणि मग कथा तिन्ही शक्यतांत त्याच रस्त्याने पुढे जाते. आतून बघितलं तर निर्णयाने एक प्रसंग बदलला, कथानक नाही.

फँटसीच्या बाहेरचं उदाहरण म्हणजे मास इफेक्ट. २००७च्या पहिल्या भागात तुम्ही राक्नाय या कीटकांसारख्या जमातीच्या राणीला मारलंत तरी २०१२च्या तिसऱ्या भागात तिच्या जागी रीपर्स या शत्रू यंत्रांनी बनवलेली दुसरी राणी हजर. लोक चिडले. पण मला लिहिणाऱ्यांची अडचण दिसते. त्या मोहिमेला राणी हवी होती.

चार खेळ, पंधरा वर्षं, मध्ये इंजिन बदललेलं, कन्सोलच्या पिढ्या बदललेल्या. तीनच निर्णय ठेवले याचं मला दुःख आहे, आश्चर्य नाही.

जुनी_फ्लॉपी

या विषयावर लिहायची कधीपासून इच्छा होती. सेव्ह फाइल (खेळाची जपून ठेवलेली नोंद) पुढच्या खेळात न्यायची कल्पना आजची नाही. ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’चा पहिला भाग १९८९चा. शेवट झाला की खेळ तुमचा नायक फ्लॉपीवर जपून ठेवायचा आणि पुढच्या भागात तोच नायक, त्याच कसबांसह, दारात उभा. असे पाच भाग, शेवटचा १९९८चा. त्यात निर्णय फारसे पुढे जात नसत, माणूस जायचा. पण चोर म्हणून वाढवलेला माणूस पुढच्या गावात चोर म्हणूनच पोचतो आणि तिथे त्याला चोरांच्याच वाटा सापडतात, यात केवढं समाधान होतं!

जपानी बाजूला ‘सुईकोडेन’. पहिला भाग १९९५, दुसरा १९९८. दोन्हीत एकशे आठ साथीदार गोळा करायचे. मेमरी कार्डवर पहिल्या भागाची सेव्ह असली की दुसऱ्यात जुनी पात्रं थोडी तयारीची होऊन येतात, तुम्ही ठेवलेली नावं लोकांच्या तोंडी येतात, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पहिल्या भागाचा नायक तुम्हाला भेटतो, तुमच्यासोबत लढायला येतो. ज्याच्या डोळ्यांनी एक आख्खी लढाई पाहिली तो माणूस आता शांतपणे मासे धरत बसलाय. मी तो प्रसंग कितीतरी वेळा पाहिला असेन.

पण सातत्याच्या प्रश्नाला मला सर्वांत आवडलेलं उत्तर बेथेस्डा या कंपनीचं. १९९६चा ‘डॅगरफॉल’. शेवटी तुमच्या हातात टोटेम नावाची वस्तू येते. ती ज्याला द्याल त्याच्या ताब्यात न्युमिडियम हा अजस्र पुतळा जाणार. सम्राटाला द्या, ऑर्कांच्या राजाला द्या, एखाद्या राजघराण्याला द्या, मेलेल्यांच्या मांत्रिकाला द्या. प्रत्येकाचा शेवट वेगळा आणि एकमेकांशी न जुळणारा. आता पुढचा भाग लिहिणाऱ्याने यातला खरा कोणता मानायचा?

त्यांनी सगळेच मानले. पुढच्या खेळांतल्या पुस्तकांतून समजतं की त्या दिवसांत काळच तुटला होता. एकाच वेळी सगळं घडलं. ऑर्कांना राज्य मिळालं, तिन्ही राजघराण्यांनी मुलूख बळकावला, मांत्रिक देवपदाला पोचला. लोकांना आठवतं ते एवढंच की झोपायला गेलो तेव्हा सीमा एका जागी होत्या, उठलो तेव्हा दुसरीकडे. त्या प्रदेशातले लोक याला चमत्कार म्हणतात आणि अभ्यासक त्यावर वाद घालत बसतात. जो शेवट मी केला तो खोटा ठरला नाही. तुमचाही नाही.

मकरपुरा_मेज

मी थोडा विरोधात बोलतो.

मला ठरलेली कथा आवडते. लेखकाला शेवट माहीत असला की तो पहिल्या पानापासून त्या दिशेने बांधत आणतो. ‘विचर ३’च्या शेवटी नायक गेराल्टची मानसकन्या सिरी विचर (राक्षसांची शिकार करणारी) होऊ शकते, सम्राज्ञी होऊ शकते किंवा परत येतच नाही. डिसेंबर २०२४मध्ये ‘विचर ४’ची झलक दाखवली त्यात सिरी विचर आहे आणि तीच नायिका आहे. म्हणजे बाकीच्यांचे शेवट बाजूला पडले. मला त्यात काही वावगं वाटत नाही. तिला सम्राज्ञी करणाऱ्यांचा खेळ कोणी पुसायला आलेलं नाही. तो त्यांच्या मशीनवर आहे, पूर्ण आहे. पुढची गोष्ट सांगायची तर कुठेतरी पाय रोवायला लागतो.

उलट, सगळ्यांना खूश ठेवायला गेलं की पात्रं पातळ होतात. ज्या पात्राला खेळाडू मारू शकतो, त्याला पुढच्या भागात महत्त्वाचं काम देता येत नाही, कारण अर्ध्या लोकांच्या जगात ते नसतं. म्हणून ते येतं, दोन वाक्यं बोलतं आणि जातं. ‘विचर २’मध्ये योर्व्हेथ या बंडखोर एल्फची अख्खी वाट होती, तिसऱ्या भागात तो कुठेच नाही. त्याच भागातली सास्कियाही नाही. त्यापेक्षा ठरवून टाका आणि त्या पात्राला भरपूर जागा द्या.

सुरसागर_काठ

मेज, तुझा मुद्दा मला पटतो आणि तरीही माझं मन भरत नाही. का ते सांगायचा प्रयत्न करते.

‘क्रोनो ट्रिगर’ आठव. १९९५चा खेळ, निर्णयांसाठी कोणी त्याचं नाव घेत नाही. सुरुवातीला राज्याचा जत्रेचा दिवस असतो. तू जत्रेत हिंडतोस. एका मुलीशी टक्कर होते, ती पडते, तिचं पदक लांब उडतं. तू आधी तिची विचारपूस करतोस की आधी पदक उचलतोस? एका टेबलावर कोणा म्हाताऱ्याचा डबा ठेवलेला आहे. तो खाल्लास का? एका छोट्या मुलीचं मांजर हरवलंय. आणून दिलंस का? ती नवी मैत्रीण गोड खाऊ घ्यायला दुकानापाशी रेंगाळली. थांबलास की पुढे ओढलंस? खेळ यातलं काहीही प्रश्न म्हणून विचारत नाही. पडद्यावर पर्याय येत नाहीत. तू फक्त जत्रेत मजा करतोयस.

मग बराच खेळ झाल्यावर तुला राजकन्येच्या अपहरणाच्या आरोपाखाली कोर्टात उभं करतात. आणि वकील साक्षीदार बोलावतो. ती मांजरवाली मुलगी येते. तो म्हातारा येतो आणि म्हणतो, यानेच माझा डबा खाल्ला. पदकाचं निघतं. एकेक ज्युरी चालत जाऊन डावीकडे किंवा उजवीकडे उभा राहतो.

आता तपासनीस, तुमच्यासाठी: निकाल काहीही लागला तरी नायक क्रोनोला तुरुंगातच टाकतात. कथा एकाच जागी येते. तुम्ही सांगितलेली युक्तीच ती. पण मला एक क्षणही फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण मी जे केलं ते कोणीतरी पाहिलं होतं आणि माझ्या तोंडावर सांगितलं. वाट तीच राहिली तरी मी कोण आहे हे त्या खेळाला माहीत होतं.

मला हवं आहे ते एवढंच. फाटा किती मोठा यापेक्षा साक्षीदार आहे का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सिरीला विचर ठरवा, पण मग कुठल्या सरायीत कोणी म्हातारा म्हणू दे की ती दरबारात राहिली असती तर काय झालं असतं याच्या गोष्टी लोक अजून सांगतात. डॅगरफॉलवाल्यांनी हेच केलं. व्हेलगार्डमध्ये माझ्या बाजूने साक्ष द्यायला कोणी नाही.

जुनी_फ्लॉपी

ज्युरींचं वर्णन वाचून पुन्हा खेळायला काढतोय.

पोथी_आणि_पेन

संस्कृत घेऊन शिकतोय, गेम फार खेळलेलो नाही, बाल्डर्स गेट ३ तेवढा. पण धागा वाचता वाचता ज्या गोष्टीत मी सध्या बुडालोय ती सारखी आठवत राहिली, म्हणून लिहितो.

आपल्या बडोद्यात सयाजीराव विद्यापीठाचं प्राच्यविद्या मंदिर आहे. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथे झाली. सात कांडं, १९६० ते १९७५ या काळात छापली गेली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची केली, तसंच हे काम. देशभरातली वेगवेगळ्या लिप्यांमधली हस्तलिखितं गोळा करायची, श्लोक श्लोकाशी ताडून पाहायचा, उत्तरेचा पाठ काय म्हणतो, दक्षिणेचा काय म्हणतो, आणि त्यातून सर्वांत जुना म्हणता येईल असा पाठ वर छापायचा.

त्या आवृत्तीचं पान उघडलं की वर थोडे श्लोक असतात आणि खाली बारीक टायपात पाठभेदांची दाटी. अमुक हस्तलिखितात हा शब्द असा, तमुकात ही ओळच नाही, यात चार ओळी जास्त. कितीतरी पानांवर खालचा मजकूर वरच्यापेक्षा जास्त जागा खातो. मोठे प्रसंग असतील तर मागे परिशिष्टात. संपादकांनी वर एकच पाठ ठेवला, ठाम निर्णय घेतला, पण जे वगळलं त्यातलं काहीही फेकून दिलं नाही. कोणत्या पोथीत ते आहे हे नोंदवून खाली ठेवलं.

मेज म्हणतो तसा वरचा पाठ हवाच, नाहीतर गोष्ट पुढे सांगता येणार नाही. आणि धागाकर्तीताई मागतायत तो मला खालचा बारीक टाइप वाटतो. तिथे जागा कमी लागते, पण तिथे नाव असलं की ती पोथी होती हे सिद्ध होतं.

आणखी एक. लक्ष्मणरेषा त्या वरच्या पाठात नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मण रेघ ओढून जात नाही. पण आपल्याकडे कोणत्याही घरात विचारा. लोकांनी निवडलेला पाठ शास्त्रोक्त पाठाच्या परवानगीसाठी थांबत नाही.

मकरपुरा_मेज

सुंदर. पण फरक आहे. पोथी लिहिणाऱ्याने निवडलं आणि वाचणाऱ्याने वाचलं. खेळात निवडणारा आणि वाचणारा एकच असतो. माझ्या हाताने झालेल्या गोष्टीबद्दल माझी अपेक्षा वाचकापेक्षा जास्त असणार.

पोथी_आणि_पेन

हे खरं आहे. पण लिहून घेणारे नुसते नकलनवीस नव्हते. खाली ज्या चार ओळी जास्तीच्या दिसतात त्या कोणाला तरी हव्याशा वाटल्या म्हणून आल्या. ते त्यांच्या परीने खेळत होते.

दांडिया_बाजार_डाइस

आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा अड्डा रविवारी संध्याकाळी भरतो. आधी सेव उसळ, मग फासे. आमचा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) एक लांबट वही ठेवतो. डाव्या बाजूला आपण भेटलेल्या प्रत्येकाचं नाव, अगदी घोडा सांभाळणाऱ्या पोराचंही, उजव्या बाजूला आपण त्याला काय बोललो. ‘परत येऊ म्हणाले.’ ‘पैसे बाकी.’ ‘याच्या भावाला मारलं, याला माहीत नाही.’ मागच्या नवरात्रात गरब्यामुळे खेळ थांबला होता. दिवाळीनंतर बसलो तेव्हा आम्ही सगळे विसरलो होतो, वही विसरली नव्हती. घोडेवाला पोरगा शहराच्या वेशीवर आमच्या वाटेत उभा होता, पैशांसाठी.

माणूस डीएम असला की त्याला सगळ्या शक्यता आधी लिहून ठेवायला लागत नाहीत. घडलं तेवढंच त्याने लिहायचं. कॉम्प्युटरला हे जमत नाही, त्याला न घडलेलंही आधी तयार ठेवावं लागतं. तपासनीस म्हणतात तो सगळा खर्च इथे आहे.

आणि तरीही लॅरियन स्टुडिओने २०२३मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये जे केलं ते त्या वहीच्या सगळ्यात जवळ जाणारं आहे असं मला वाटतं. एकच धागा सांगतो. कार्लॅक. तिच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातलं जळतं इंजिन आहे, त्यामुळे तिला कोणाला स्पर्श करता येत नाही. हात लावणारा भाजतो. ते इंजिन शांत करू शकेल असा एक लोहार आहे, डॅमन. पहिल्या अंकात तो एमराल्ड ग्रोव्हमध्ये निर्वासितांबरोबर असतो. तुम्ही गॉब्लिनांची बाजू घेऊन ग्रोव्हवर हल्ला केलात तर डॅमन गेला, आणि कार्लॅकही तुमच्याबरोबर राहत नाही. ग्रोव्ह वाचवलंत तर डॅमन दुसऱ्या अंकात लास्ट लाइट इनमध्ये पोचतो. ती सराय अंधाराच्या शापापासून इसोबेलच्या मंत्राने वाचलेली आहे. तिथे इसोबेलला पळवायला माणूस येतो. ती लढाई हरलात, इसोबेल गेली, तर छत्र कोसळतं आणि आतले सगळे सावल्यांच्या तोंडी जातात. डॅमनही.

आणि हे सगळं पार पडलं, डॅमन वाचला, तुम्ही त्याला लागणारं नरकातलं लोखंड शोधून आणलंत, तर दुसऱ्या दुरुस्तीनंतर कार्लॅकला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी मिठी मारता येते.

त्या मिठीच्या वेळी खेळ कुठलीही सूचना दाखवत नाही की हे तुम्ही ग्रोव्ह वाचवल्यामुळे झालं. तुम्हाला ते कळलेलं असतं. बडोद्याच्या उकाड्यात पंख्याखाली बसून मी रडलो होतो.

तपासनीस

यात किती फ्लॅग (काय घडलं, काय नाही याच्या खुणा) एकमेकांवर अवलंबून आहेत ते मोजायला लागले आणि सोडून दिलं. ज्यांनी हे तपासलं त्यांना माझा नमस्कार.

रावपुरा_रात्रपाळी

पण डाइस, त्याच खेळाची दुसरी बाजू बघ. आतली साखळी एवढी पक्की, आणि मागच्या खेळांशी नातं? २०००च्या ‘बाल्डर्स गेट २’मध्ये आपण विकोनिया या साथीदाराला जाळायला निघालेल्या जमावातून सोडवलं होतं. तिच्याशी महिनोन्‌महिने बोलून, शार या तिच्या अंधाऱ्या देवीची पकड सैल करून तिचं मन बदलता येत होतं. पहिल्या भागातला खलनायक सारेव्होक, त्यालाही पुढच्या विस्तारात चांगल्या मार्गावर आणता यायचं. तिसऱ्या भागात विकोनिया पुन्हा शारच्या मठाची क्रूर प्रमुख आणि सारेव्होक खुन्यांच्या न्यायासनावर. आपण केलेलं सगळं वाया. जुने साथीदार जाहेरा आणि मिन्स्क भेटतात, ते गोड आहे, पण विकोनियाचं मला पचत नाही. इथे तर ताई म्हणतात तसा साक्षीदार आहे, आणि तो खोटी साक्ष देतोय.

मकरपुरा_मेज

हे मात्र मीही मान्य करतो. ठरलेली कथा हवी असं मी म्हणालो, पण ठरवताना पात्राच्या वाटचालीतला सगळ्यात आळशी पर्याय घेतला तर ते ठरवणं नव्हे. तिला परत फिरायला काय कारण झालं, ते तरी दाखवायचं.

सुरसागर_काठ

विकोनियाबद्दल दोघांशी सहमत. गप्प राहणं एक वेळ परवडलं.

‘अंडरटेल’चं कोणी नाव काढलं नाही म्हणून एक ओळ. २०१५चा छोटा खेळ. त्यात सगळ्यांना मारत शेवटापर्यंत गेलात आणि मग पश्चात्ताप होऊन सगळं पुसून पुन्हा चांगुलपणाने खेळलात, तरी तो सुखी शेवट कायमचा डागाळलेला राहतो. नवा खेळ सुरू केला तरी खेळाला आठवतं. एवढी कठोर आठवण मला प्रत्येक खेळात नको, पण तिच्यामुळे मी त्या खेळात कोणावर हात उचलण्याआधी खरंच थांबले.

नवा_भिडू_फतेहगंज

सगळं वाचून काढलं. एक साधा प्रश्न विचारू का? मी ‘विचर ३’ कालच सुरू केला, पहिले दोन खेळलेलो नाही. व्हिझिमाच्या महालात गेराल्टची दाढी करतात आणि एक निल्फगार्डी सरदार मागच्या गोष्टी विचारतो. मी पटापट काहीतरी उत्तरं दिली. त्याने काही बिघडलं का? पुन्हा सुरू करू?

सुरसागर_काठ

बिघडलं काही नाही, पण तो प्रसंग गमतीचा नाही, तीच तुझी ‘आयात’ आहे. जुनी सेव्ह नसलेल्यांसाठी दुसऱ्या भागातले निर्णय त्या गप्पांतून नोंदवून घेतात. आर्यान ला व्हॅलेटचं काय झालं, रोशबरोबर गेलास की योर्व्हेथबरोबर, ट्रिसला सोडवलंस की दुसरं काही, आणि लेथो या मारेकऱ्याला मारलंस की जाऊ दिलंस.

यातलं लेथोचं उत्तर सगळ्यात जास्त जाणवतं. तो जिवंत आहे असं सांगितलं असशील तर पुढे व्हेलेनमध्ये एका पडक्या वाड्यात त्याची गाठ पडेल, आणि तिथे नीट वागलास तर पुढच्या एका मोठ्या लढाईच्या वेळी तो केअर मोरेन या विचरांच्या किल्ल्यात तुझ्या बाजूने उभा राहायला येऊ शकतो. मारलं म्हणाला असशील तर तो भागच येत नाही. काल सुरू केलायस, महाल तसा सुरुवातीलाच येतो, तेव्हा सेव्ह असेल तर दाढीच्या आधी परत जा आणि लेथोला जिवंत ठेव.

आणि सिरी भेटल्यावर, ती उदास बसलेली असेल तेव्हा, ‘सगळंच तुला जमायला हवं असं नाही’ म्हणून तिच्याबरोबर पीत बसू नकोस. तिला बाहेर घेऊन जा, बर्फाचे गोळे फेका एकमेकांवर. का ते तुला कितीतरी तासांनी कळेल, आता सांगत नाही.

जुनी_फ्लॉपी

आणि ब्लडी बॅरन या सरदाराच्या कामात टेकडीवरच्या झाडातल्या आत्म्याशी बोलण्याआधी एक वेगळी सेव्ह करून ठेव. तिथे दोन्ही बाजूंना कोणीतरी मरतंच. अनाथ मुलं वाचवलीस तर एक अख्खं गाव जातं आणि बॅरनच्या घराचंही वाटोळं होतं. पहिल्या खेपेला मात्र ती सेव्ह वापरू नकोस. जे झालं ते घेऊन पुढे जा, आणि संपल्यावर इथे येऊन लिही.